ऑफिसच्या मेलवर देखरेख ठेवायची आहे? मग हा क्रम पाळा

बहुतेक छोट्या कंपन्यांत हे काम उलट्या क्रमानं होतं. सेल्समधला एखादा जुना माणूस राजीनामा देतो, ग्राहकांची यादी घेऊन गेला अशी कुजबुज सुरू होते आणि मालक आयटी सांभाळणाऱ्या मुलाला सांगतो, "त्याचा मेल उघड रे जरा." पासवर्ड बदलला जातो, त्याच्याच नावानं लॉगिन होतं, हाताला लागलेले चार मेल मालकाच्या खाजगी जीमेलवर फॉरवर्ड होतात. मग वकिलाकडे गेल्यावर कळतं, की पॉलिसी लिहिलेलीच नव्हती, कर्मचाऱ्याला काही सांगितलेलं नव्हतं आणि पुरावा म्हणून आणलेल्या मेलला आगापिछा नाही.

हा लेख अशा कंपन्यांसाठी आहे: दहापासून दोन-तीनशे माणसं, मेल गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, एचआर म्हणजे एक-दोन जण आणि कायदा विभाग नाहीच. ज्यांच्यावर देखरेख होणार आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. आपल्या ऑफिसनं कुठली पायरी गाळली ते लगेच दिसेल.

## आधी हे टेबलावर आणा

कुठल्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) कोणाच्या नावावर आहे. कंपनीच्या, की दहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून देणाऱ्याच्या? दुसरी, मुख्य ॲडमिन खातं कोणाकडे आहे आणि त्याला दुहेरी पडताळणी लावली आहे का. तिसरी, कंपनीच्या कामासाठी वापरात असलेले सगळे पत्ते. अकाउंट्सवाला जीएसटीचे मेल स्वतःच्या जीमेलवर घेतो, असं निम्म्या ठिकाणी सापडतं. तो पत्ता त्याचा खाजगी आहे. त्यावर कंपनीची मालकी नाही आणि तो उघडण्याचा हक्कही नाही. आधी ते काम कंपनीच्या पत्त्यावर आणा. चौथी, सध्याच्या प्लॅनमध्ये काय काय मिळतं.

या चौथ्या मुद्द्यावर फार जण फसतात. गूगलच्या बिझनेस स्टार्टर आणि बिझनेस स्टँडर्डमध्ये व्हॉल्ट (मेल जपून ठेवण्याचं आणि शोधण्याचं साधन) येत नाही. ते बिझनेस प्लसपासून पुढे मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिक आणि स्टँडर्डमध्ये लिटिगेशन होल्ड (मेलबॉक्स आहे तसा गोठवून ठेवण्याची सोय) नाही. म्हणजे माणसानं मेल डिलीट केला आणि मुदत उलटली, की तो गेला. जीमेलमध्ये ट्रॅश रिकामी केल्यानंतर ॲडमिनला साधारण २५ दिवस तो मेल परत आणता येतो. मायक्रोसॉफ्टमध्ये मूळ सेटिंग १४ दिवसांचं आहे, ते ३० पर्यंत वाढवता येतं. सगळ्यांना महागडा प्लॅन घ्यायची गरज नसते. मात्र दर देणारे, खरेदी करणारे आणि पैसे हाताळणारे जे चार-पाच मेलबॉक्स आहेत, त्यांच्यासाठी तो घ्यावा.

तपासा: मुख्य ॲडमिन आज आजारी पडला तर दुसऱ्या कोणाला आत शिरता येतं का? उत्तर "नाही" असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हे निस्तरा.

## १. कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

"लोक काय करतात ते कळावं" हे कारण होत नाही. "ग्राहकांचे दर आणि ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत" हे कारण आहे. "बँक खातं बदलल्याचे खोटे मेल ओळखता यावेत" हेही आहे. कारण नेमकं असलं की किती पाहायचं याचं उत्तर आपोआप मिळतं. ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत एवढाच हेतू असेल तर एचआरचे मेल वाचायचं काही कारणच उरत नाही.

कायद्याचा आधार याच वाक्याला मिळतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसान किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरण्याची मुभा आहे. व्यापारी गुपितं, बौद्धिक संपदा आणि हेरगिरी रोखणं यांचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्या अधिसूचनेप्रमाणे मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. वेळ आहे, पण नवी पॉलिसी जुन्या पद्धतीनं लिहून तेव्हा पुन्हा खोडण्यात अर्थ नाही.

सावध: अनेक एचआर वकिलाचा जुना नमुना घेऊन "मी माझ्या मेलच्या देखरेखीस संमती देतो" असा कागद सही करून घेतात. याच कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही आहे. उद्या चार जणांनी संमती मागे घेतली तर त्यांच्यापुरती देखरेख बंद करणार का? कागद घ्या, पण तो "पॉलिसी वाचली, समजली" अशी पोच म्हणून घ्या.

## २. किती खोलवर जायचं, ते ठरवा

देखरेखीचे तीन थर आहेत आणि प्रत्येकाला वेगळी परवानगी हवी.

पहिला थर नोंदीचा: कोणी, कोणाला, कधी, केवढ्या आकाराचा मेल पाठवला. हा सर्वांसाठी कायम चालू असतो. विषयाची ओळही यात दिसते आणि "आईचे रिपोर्ट" एवढ्या विषयावरून पुष्कळ काही कळतं, म्हणून नोंदी पाहणारेही मोजकेच हवेत.

दुसरा थर नियमांचा. मेलमध्ये ठरावीक नमुना सापडला तर यंत्र इशारा देतं किंवा मेल थांबवतं. माणूस तो वाचत नाही.

तिसरा थर म्हणजे माणसानं दुसऱ्याचा मेलबॉक्स वाचणं. हा अपवाद म्हणूनच करायचा आणि तोही लेखी परवानगीनं.

आपल्याकडे यापेक्षा एक चौथाच प्रकार चालतो: प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मेलची गुपचूप प्रत मालकाला. राउटिंगमध्ये, म्हणजे मेल कुठे वळवायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, एक नियम टाकला की पाच मिनिटांत होतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. माझं स्पष्ट मत आहे की हे बंद करा. मालकाच्या फोनवर दिवसाला शेकडो मेल येतात, आठवड्यानं तो नोटिफिकेशन बंद करतो आणि मग कोणीच काही पाहत नाही. पण पगाराच्या पावत्या, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेचं बिल, मेडिक्लेमचे कागद, नवरा-बायकोच्या कोर्टकेसमुळे मागितलेली सुट्टी, असं सगळं एकाच मेलबॉक्समध्ये एकाच पासवर्डखाली साठत राहतं. तो मेलबॉक्स फुटला तर साऱ्या कंपनीचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येईल. नव्या कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कंपनीला एवढा दंड होईल असं नाही, पण आपणहून धोका ओढवून घ्यायचा कशाला?

त्यात आणखी एक अडचण आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ प्रमाणे अंतर्गत समिती लागते आणि तक्रारीतला मजकूर व तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणं कलम १६ नुसार बंधनकारक आहे. समितीकडे गेलेल्या तक्रारीची प्रत आपोआप मालकाकडे किंवा विभागप्रमुखाकडे जात असेल, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तपासा: समितीचा पत्ता, एचआरचा तक्रारपेटीचा पत्ता आणि वकिलांशी होणारा पत्रव्यवहार हे तिन्ही सर्व प्रती-नियमांतून आणि शोधांतून वगळले आहेत ना?

## ३. पॉलिसी लिहा: दोन पानं, समजेल अशी

वीस पानी पॉलिसी कोणी वाचत नाही. दोन पानं पुरतात. गाभा साधारण असा असावा:

"कंपनीनं दिलेला मेल पत्ता कामासाठी आहे. किरकोळ खाजगी वापर चालेल, पण तो मेलही कंपनीच्या खात्यातच साठतो. कोणी कोणाला कधी मेल पाठवला याची नोंद आपोआप होते. दरपत्रकं, ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, पॅन किंवा आधार क्रमांक बाहेर जात असतील तर यंत्रणा मेल थांबवू शकते. कोणाचाही मेलबॉक्स उघडण्यासाठी लेखी कारण आणि दोन जबाबदार व्यक्तींच्या सह्या लागतील. कर्मचाऱ्याचा स्वतःचा खाजगी मेल, मग तो ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलेला असला तरी, कंपनी वाचणार नाही."

यात पुढच्या गोष्टी जोडा: नोंदी किती काळ ठेवणार, त्या कोण पाहणार (पद लिहा, नाव नको), नियम मोडल्यास काय होईल, आणि चुकून थांबलेला मेल सोडवायला कोणाला फोन करायचा.

वरच्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य, खाजगी मेल न वाचण्याचं, नुसतं शोभेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याची जबाबदारी असलेल्याच्या परवानगीशिवाय माहिती काढणं कलम ४३ खाली येतं आणि लबाडीनं दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं कलम ६६सी खाली. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लॅपटॉप कंपनीचा, डोमेन कंपनीचं, म्हणून कंपनीचा मेलबॉक्स तुमच्या अखत्यारीत येतो. पण ब्राउझरमध्ये साठलेल्या पासवर्डनं कर्मचाऱ्याचं खाजगी जीमेल उघडलं तर लॅपटॉप तुमचा असल्यानं काही वाचत नाही. कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारं सॉफ्टवेअर लावलं तर त्यात त्याचा बँकेचा पासवर्डही येतो. म्हणून ते लावूच नका.

पॉलिसी इंग्रजीतच ठेवायचा हट्ट सोडा. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात स्टोअर्स आणि डिस्पॅचच्या माणसालाही मेल पत्ता असतो. त्यानं इंग्रजी कागदावर डोळे झाकून केलेली सही चौकशीत टिकवणं अवघड जातं.

## ४. लोकांना सांगा, आणि थोडी सवड द्या

क्रम असा ठेवा: आधी विभागप्रमुखांशी बोला, मग सगळ्यांची अर्ध्या तासाची बैठक घ्या, मग मेलवर पॉलिसी पाठवा, मग पोच घ्या आणि त्यानंतर निदान पंधरा दिवसांनी सेटिंग चालू करा.

हे पंधरा दिवस कशाला? कारण निम्म्या लोकांनी ऑफिसचा मेल पत्ता बँकेत, डीमॅट खात्यात, मुलांच्या शाळेत, एलआयसीच्या पॉलिसीवर आणि पीएफच्या खात्यावर दिलेला असतो. त्यांना तो बदलायला वेळ लागतो. बैठकीत हे स्पष्ट सांगा, "खाजगी गोष्टी इथून हलवा." त्यानंतर तुम्हाला कधी एखादा मेलबॉक्स उघडायची वेळ आलीच, तर त्यात म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं कमी निघतील. नोकरी सोडल्यावर ओटीपी बंद मेलवर जातो म्हणून ऑफिसच्या गेटवर येऊन विनवण्या करणारी माणसंही कमी होतील.

बैठकीत हमखास येणारा प्रश्न: "म्हणजे साहेब आमचे मेल वाचणार का?" उत्तर गोलमाल देऊ नका. तिन्ही थर सांगा आणि तिसऱ्यासाठी कोणाच्या सह्या लागतात ते सांगा.

सावध: जुन्या कर्मचाऱ्यांकडून पोच घ्यायची राहते. नव्यांच्या नियुक्तिपत्रात कलम टाकलं की एचआर निर्धास्त होतात आणि प्रकरण निघतं ते नेमकं बारा वर्षं जुन्या माणसाचं.

## ५. निर्बंध लावा, पण हळूहळू

आता कुठे ॲडमिन पॅनेल उघडायचं.

सर्वात आधी आपोआप होणारं फॉरवर्डिंग बंद करा. माहिती बाहेर जाण्याचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात निवांत रस्ता आहे. एकदा नियम लावून ठेवला की माणूस सोडून गेला तरी, खातं चालू असेपर्यंत, मेल त्याच्या खाजगी पत्त्यावर जात राहतात. खातं हॅक करणारेही पहिलं काम हेच करतात. गूगलमध्ये जीमेलच्या वापरकर्ता सेटिंगमध्ये ही परवानगी काढता येते. मायक्रोसॉफ्टमध्ये बाहेर जाणाऱ्या स्पॅमच्या धोरणात ती बंद असल्याची खात्री करा. बंद करण्यापूर्वी सध्या कोणाकोणाचं फॉरवर्डिंग चालू आहे त्याची यादी काढून ठेवा. त्यात बहुतेक निरुपद्रवी निघतात, पण एखादं नाव पाहून भुवया उंचावतात.

मग पॉप आणि आयमॅप. घरच्या संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये सगळा मेलबॉक्स उतरवून घेता येतो तो याच वाटेनं. गरज नसेल त्यांचं बंद करा. जुनं टॅली किंवा स्कॅनर मेल पाठवायला एसएमटीपी वापरत असेल तर ते वेगळं तपासा, नाहीतर सोमवारी सकाळी बिलं जाणार नाहीत.

त्यानंतर मजकुराचे नियम. इथे घाई केली तर धंदा थांबतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा तुम्ही नियम केला: पॅन क्रमांक असलेला मेल बाहेर जाऊ देऊ नये. पॅनचा नमुना सोपा आहे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. नियम चालू केल्याबरोबर सगळी टॅक्स इन्व्हॉइस अडकतात. कारण जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे असतात (महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०) आणि तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅनच असतो. नमुन्याला दोन्ही बाजूंनी शब्दसीमा (पुढेमागे चिकटून दुसरं अक्षर किंवा आकडा नको, ही अट) लावली नाही तर यंत्राला प्रत्येक जीएसटी क्रमांकाच्या पोटात पॅन सापडतो.

आधारची गंमत वेगळी. बारा आकडे शोधायला सांगितलं की ९१ लावून लिहिलेला प्रत्येक मोबाइल नंबर अडकतो, कारण तोही बरोबर बारा आकड्यांचा. आणि मोबाइल नंबर तर प्रत्येक मेलच्या सहीत असतो. आधार क्रमांक ० किंवा १ नं सुरू होत नाही, पण ९ नं सुरू होऊ शकतो, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून सुटका नाही. आधारच्या शेवटच्या आकड्यात पडताळणीचं गणित असतं. ते तपासणारा तयार नमुना तुमच्या प्लॅनमध्ये असेल तर तोच वापरा. नसेल तर बारा आकड्यांच्या आसपास "आधार" हा शब्द असण्याची अट घाला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत.

म्हणून प्रत्येक नियम आधी फक्त नोंद करणारा ठेवा. दोन-तीन आठवडे काय काय अडकलं असतं ते पाहा. महिनाअखेर त्या काळात यायलाच हवी, कारण बिलं, पगार आणि रिटर्न तेव्हाच जातात. मग इशारा देणारा करा: "या मेलमध्ये पॅन दिसतो, तरी पाठवायचा?" बहुतेक गळती चुकीच्या पत्त्यामुळे होते आणि ती या एका प्रश्नावर थांबते. थांबवणारा नियम सगळ्यात शेवटी लावा आणि तोही मोजक्या गोष्टींसाठी.

सर्वात शेवटी खाजगी मेल साइट. ऑफिसच्या नेटवर जीमेल पूर्ण बंद करायचा मोह होतो. कंपनीचा मेलच गूगलवर असेल तर पत्ता अडवून चालत नाही. फक्त कंपनीच्या डोमेनला परवानगी देणारी खूण (हेडर) प्रॉक्सीतून, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट जिथून जातं त्या मधल्या यंत्रणेतून, लावावी लागते आणि त्यासाठी सांकेतिक केलेला (एन्क्रिप्टेड) ट्रॅफिक उघडावा लागतो. ते करायचं असेल तर बँका, दवाखाने आणि सरकारी पोर्टल वगळलीच पाहिजेत. खरं सांगायचं तर पन्नास माणसांच्या कंपनीत हा खटाटोप परवडत नाही. जेवढं जास्त बंद कराल तेवढं काम व्हॉट्सॲपवर जाईल, आणि तिथली एकही नोंद तुमच्या हातात नाही. मोठी ड्रॉइंग २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाहीत, म्हणून लोक व्हॉट्सॲप वापरतात. त्यांना ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हची मुदतीची लिंक पाठवायला शिकवलं तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

तपासा: नियम चालू केल्यावर स्वतःच्या खात्यातून चार मेल पाठवा: एक साधं बिल, एक खोटा पॅन, सहीत ९१ असलेला एक साधा मेल, आणि एक पासवर्ड लावलेली झिप. चौथ्याच्या आत यंत्र पाहू शकत नाही, तेव्हा तिचं काय करायचं ते आधी ठरवा.

## ६. एखाद्याचा मेलबॉक्स उघडायची वेळ आलीच तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून क्रम जसाच्या तसा पाळा.

१. आधी गोठवा. संशयिताला कुणकुण लागण्याआधी व्हॉल्टमध्ये किंवा लिटिगेशन होल्डमध्ये त्याचा मेलबॉक्स टाका. त्यानं पुढे काही डिलीट केलं तरी प्रत राहते. यात कोणी काहीही वाचत नाही, फक्त जपून ठेवलं जातं.

२. लेखी मागणी. कोणाचा मेलबॉक्स, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते शब्द किंवा पत्ते शोधायचे आणि का. खाली दोन सह्या: एक एचआरची, एक अशा व्यक्तीची जिचा त्या कर्मचाऱ्याशी थेट संबंध नाही. तक्रार करणारा साहेब स्वतः सही करणारा नसावा.

३. त्याच्या नावानं लॉगिन करू नका. पासवर्ड बदलून आत शिरलं की न वाचलेले मेल वाचलेले होतात, लॉगिनच्या नोंदीत तुमचा आयपी येतो, आणि समोरचा सरळ म्हणतो, "पासवर्ड तुमच्याकडे होता, तो मेल तुम्हीच पाठवलात." यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. ॲडमिनच्या शोध-साधनातूनच शोधा. त्या शोधाचीही नोंद राहते आणि ती तुमच्या बाजूनं बोलते.

४. दोघांनी मिळून पाहा. विषयावरून किंवा पाठवणाऱ्यावरून खाजगी, वैद्यकीय किंवा त्याच्या वकिलाचा वाटणारा मेल उघडू नका. चुकून उघडला तर बंद करून तसं टिपणात लिहा.

५. एक्स्पोर्ट करा, फॉरवर्ड नको. फॉरवर्ड केलेल्या मेलमधून मूळ हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) निघून जातं आणि तो कोणत्या सर्व्हरवरून कधी आला ते सिद्ध करता येत नाही. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा जणू बोटाचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) त्याच वेळी काढून टिपणात लिहा. फाइल वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, आणि ड्राइव्ह कपाटात.

६. टिपण. गावाकडच्या पंचनाम्यासारखं साधं: तारीख, वेळ, कोण हजर, कोणता शोध, किती मेल निघाले, कोणते घेतले. दोघांच्या सह्या.

पाचवी आणि सहावी पायरी कोर्टासाठी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक यंत्रणा सांभाळणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात हॅश मूल्य नमूद करावं लागतं. आधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बी खालचं प्रमाणपत्र चालढकल करण्यासारखं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी ज्या निकालात ठाम केलं, तो जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मूळ यंत्र कोर्टात आणणार नसाल तर प्रमाणपत्र हवंच. मेलचा मूळ सर्व्हर तर तुम्ही आणूच शकत नाही.

सावध: सापडलेला मेल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. करारानं हाती आलेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या हेतूनं उघड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२ए खाली वेगळा गुन्हा आहे. चौकशी त्याची करायला निघालात आणि तक्रार तुमच्यावर झाली, असं व्हायला नको.

नोकरीवरून काढायचं असेल तरी कारणे दाखवा नोटीस, खुलासा आणि चौकशी या पायऱ्या सुटत नाहीत. एक मेल दाखवून दुसऱ्या दिवशी गेटबाहेर काढलं तर कामगार न्यायालयात मेल बाजूला राहतो आणि पद्धतीवरच बोट ठेवलं जातं.

## ७. माणूस सोडून जातो तेव्हा

शेवटच्या दिवशी खातं डिलीट करू नका. गूगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांतच परत आणता येतं. वाद त्यानंतर उपटतात. मायक्रोसॉफ्टमध्ये मेलबॉक्स शेअर्डमध्ये बदला, ५० जीबीच्या आत असेल तर वेगळा परवाना लागत नाही. गूगलमध्ये खातं नुसतं निलंबित केलं तर त्या पत्त्यावर येणारे ग्राहकांचे मेल परत जातात. तेव्हा त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे राउटिंग आधी करा, मग निलंबन.

जाणाऱ्या माणसाला शेवटच्या आठवड्यात, एचआरसमोर, स्वतःचे खाजगी मेल काढून घेऊ द्या. आणि बाहेरच्यांना जाणारं आपोआप उत्तर साधं ठेवा: अमुक आता इथे नाहीत, तमुक पत्त्यावर लिहा. "त्यांच्याशी कोणताही व्यवहार करू नये" असली वाक्यं वकिलाला विचारल्याशिवाय टाकू नका.

फोनवर मेल असेल तर ॲडमिन पॅनेलमध्ये दोन बटणं शेजारीशेजारी असतात: खातं पुसा आणि पूर्ण उपकरण पुसा. फोन त्याचा स्वतःचा असेल तर दुसरं बटण दाबलं, की मुलीच्या बारशाचे फोटोही जातात. पहिलंच दाबा.

## ८. नोंदी, आणि पाहणाऱ्यांवर नजर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. डेटा संरक्षणाच्या नव्या नियमांत नोंदींसाठी एक वर्ष धरलं आहे, तेव्हा सरळ एक वर्षाचाच हिशोब ठेवा. गूगलच्या ईमेल लॉग सर्चमध्ये तपशीलवार शोध ३० दिवसांपुरता चालतो, मायक्रोसॉफ्टचा मेसेज ट्रेस ९० दिवसांपर्यंत. म्हणजे दर महिन्याला नोंदी बाहेर काढून ठेवण्याचं काम कोणाच्या तरी नावावर असलं पाहिजे. कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर राहतं.

ॲडमिननं काय पाहिलं याचीही नोंद असते. ती ॲडमिनखेरीज दुसऱ्या कोणीतरी तीन महिन्यांतून एकदा पाहावी, आणि प्रत्येक मेलबॉक्स-शोधाच्या समोर सहाव्या भागात सांगितलेला दोन सह्यांचा कागद आहे का ते जुळवावं. कागद नसलेला शोध सापडला तर तो आधी निस्तरा.

## परदेशात माणसं असतील तर

पुण्यातल्या अनेक कंपन्यांची चार-दोन माणसं बाहेर बसतात, आणि इथली पॉलिसी तिथे चिकटवली जाते. न्यूयॉर्क राज्यात ७ मे २०२२ पासून नोकरीवर घेतानाच इलेक्ट्रॉनिक देखरेखीची लेखी सूचना देऊन पोच घ्यावी लागते. युरोपात मापदंड आणखी कडक आहे: बार्बुलेस्कु विरुद्ध रोमानिया या प्रकरणात ५ सप्टेंबर २०१७ रोजी मानवी हक्क न्यायालयानं कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. देखरेखीचं स्वरूप आणि व्याप्ती त्याला आगाऊ कळवली होती का, आणि कमी घुसखोरीचा मार्ग उपलब्ध होता का, हे तिथल्या न्यायालयांनी नीट तपासलंच नव्हतं. त्या माणसांसाठी पॉलिसीचं वेगळं पान करा आणि ते तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. त्यांचे मेलबॉक्स पुण्यातून शोधायचे असतील तर त्या वकिलाला विचारूनच.